कंपनीचाच रंग

बाबांनी मोटारसायकलला साइड व्हील लावायला एकदाचा होकार दिला, पण अट घातली. चाकं कंपनीतूनच लागून आल्यासारखी दिसली पाहिजेत. रंगात तसूभर फरक चालणार नाही.

मी म्हटलं, "बाबा, कोणतीच कंपनी मोटारसायकलले चार चाकं लावून पाठवत नाही. रंग कोणताही द्या, लोकांले मोजता येते."

"तू रंगाचं पाय," ते म्हणाले. "मोजणाऱ्यायचं मी पायतो."

आमच्या घरात विषय असा संपतो, आणि मग माझी कामं सुरू होतात.

झालं होतं असं. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. नागपुरात हुडकेश्वरला आमचं घर, घरात ते, आई आणि मी. मागच्या हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड टाकला. पुढे काठी धरून घरातल्या घरात चालायला लागले, पंजा शाबूत होता, गिअरही पडला असता. पण गाडी थांबवली की डावा पाय टेकवावा लागतो, आणि तो पाय गाडीचं वजन घेईना. म्हणजे गाडी चालवता येत होती, थांबवता येत नव्हती. अशा माणसाच्या हाती गाडी द्यावी का, हा साधा प्रश्न मी घरात चारदा विचारला. चारदाही तो कोणी मनावर घेतला नाही.

कारण दरवर्षी उन्हाळा उतरला की खापरखेड्याला रिटायर लोकांचं संमेलन असते, आणि बाबांचा सगळा जीव त्यात अडकला होता. त्या संमेलनात एक रिवाज आहे. वर्षभरात जो आजारी पडला, काठीवर आला, ऑटोतून दोघांनी धरून उतरवला, त्याला स्टेजवर बोलावून शाल-नारळ देतात. सगळे टाळ्या वाजवतात. "एका वर्षी शाल, पुढल्या वर्षी दोन मिनिटं शांतता," असं बाबा घरी येऊन सांगायचे आणि आम्ही हसायचो. यंदा कोणी हसलं नाही.

"मले शाल नाही पायजे वं," एकदा ताटावर बसल्याबसल्या ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी होतं. "दरसाल तुह्या मायले मागं बसवून गाडीनं गेलो. यंदाही तसाच जाईन. नाही तं जातच नाही."

शिवाय घरात बसून बसून त्यांनी आमचा जीव खाल्ला होता. फोडणीत जिरं आधी का मोहरी, यावर ते आईला लेक्चर द्यायचे. वीज केंद्रात आयुष्य गेलेला माणूस, गॅस किती मोठा ठेवायचा हे दारात उभं राहून सांगायचा. आई मला म्हणाली, "यायले एकदाचं घराबाहेर काढ माय. नाही तं मीच चालली जाते भिवापूरले." भिवापूरला बाबांचं शेत आहे, तिथं जाऊन ती काय करणार होती देव जाणे.

मानेवाडा रोडवरच्या वेल्डिंगवाल्यानं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांवर एकेक लहान चाक बसवलं, त्यांच्यावर गोल मडगार्ड लावले, आणि कोणाला न विचारता दोन्ही मडगार्ड निळे करून टाकले. आमची गाडी लाल. लाल म्हणजे काळपट लाल, वाळल्या मिरचीची.

"निळा काहून?" मी विचारलं.

"मॅडम, अपंगायच्या गाडीले निळाच राहते," तो म्हणाला. वर असंही म्हणाला की पांढराही चालते, पण निळा उठून दिसते.

उठून दिसू नये म्हणून तर सगळा आटापिटा! गाडी घरी आली तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी पाहिलं, काठी टेकत आत गेले, दिवाणावरची फुलाफुलांची चादर ओढून आणली आणि गाडीवर टाकली.

"कोणी पायलं का?"

साऱ्या गल्लीनं पाहिलं होतं. पुढे कित्येक दिवस गाडी त्या चादरीखाली दोन्हीकडून फुगून उभी होती. दूधवाल्यानं मला विचारलं, "काकाजीनं फोर व्हीलर घेतली का?"

मग पेंटर आला. म्हणजे आम्ही गेलो त्याच्याकडे, पण तो भेटला असा की जसं काही तोच आम्हाला भेट देऊन राहिला. जाडजूड माणूस, गळ्यात सोन्याची चेन, दुकानात सावलीतही काळा गॉगल. ट्रक, टाक्या, गणपती, सगळं रंगवायचा आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणायचा. त्यानं गाडीच्या फ्रेमवरचा रंगाचा कोड पाहिला, शेड कार्ड काढलं, तोच नंबर मागवला आणि निळा खरवडून कंपनीचा लाल मारून दिला.

काम झकास होतं. फक्त एवढंच झालं की दोन मडगार्ड नवरीसारखे चमकत होते आणि मधली गाडी त्यांच्या आजीसारखी दिसत होती.

"हा आपला रंग नोहे," बाबा म्हणाले.

"काकाजी, कोड तोच हाय. कंपनी तीच, नंबर तोच."

"मंग असा कसा दिसून राहिला?"

"रंग नाही बदलला. तुमची गाडी बदलली." पेंटरनं गॉगल वर केला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली. आमच्या अंगणात गाडीची उजवी बाजू दुपारच्या उन्हाकडे, डावी भिंतीकडे. नागपूरचे इतके उन्हाळे त्या गाडीनं तशाच काढलेले. उजवीकडून ती विटकी, डावीकडून बरी, आणि टाकीवर तिसरीच काहीतरी. "काकाजी, ही एक गाडी नाही," तो म्हणाला, "तीन हायेत. कोणत्या गाडीले मॅच करू सांगा. नाही तं असं करा, सगळीच नव्यानं मारून देतो. एकसारखी."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही त्यानं आईचं नाव बदलायला सांगितलं.

"कंपनीच्या रंगाले हात लावाचा नाही गा. मंग ओरिजिनल काय राहिलं?"

माझं डोकंच फिरलं. "दोन चाकं वेल्डिंगची लावून राहिले, अन् यायले ओरिजिनल पायजे!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हवा भरणं थांबवलं. ते दोघं मात्र माझ्याकडे दयेनं पाहत होते. त्या क्षणापासून बाबा आणि तो पेंटर एका पार्टीत गेले आणि मी दुसऱ्या. माझ्या पार्टीत मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आईच्या डब्यातल्या मूठभर मिरच्या कागदात बांधल्या. म्हणाले, गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये भिवापुरी मिरची डोळ्यासमोर ठेवूनच रंग निवडला होता, तेव्हा खरा नमुना मिरचीच. कोड वगैरे कंपनीचं कागदी काम. मला वाटलं पेंटर हसेल. तो हसला नाही. त्यानं पुडी उघडली, एक मिरची उन्हात धरली आणि गंभीरपणे विचारलं, "यंदाची का गेल्या सालची?"

"गेल्या सालची."

"म्हणूनच काळी पडली. यंदाची पायजे होती."

"यंदाची अजून शेतातून आली नाही."

अर्धा तास हे चाललं. मग पेंटरनं टाकीवर मिरच्यांची रांग लावली, वाकून एकेक रंगाशी ताडून पाहायला लागला, आणि बाबा काठीनं दाखवायला लागले की ही नाही, ती, तिच्या बाजूची. काठी लागली कॉम्प्रेसरच्या बटणाला. नळीतून फस्सकन हवा सुटली आणि मिरच्या, बिया, भुकटी सगळं आमच्या तोंडावर. बाप रे बाप! आम्ही तिघं दुकानात आंधळ्यासारखे चाचपडत होतो. पेंटरचा गॉगल नेमका त्याच वेळी वर केलेला. पंक्चरवाला शिंकत शिंकत शटर ओढून निघून गेला.

तोंड धुऊन झाल्यावर लाल डोळ्यांचा पेंटर बाबांना म्हणाला, "काकाजी, आता आयका. गाडी कशानं उतरली? उन्हानं. मंग मडगार्डही उन्हात टाका. गच्चीवर. आपोआप उतरतीन."

आणि हे दोघांनाही पटलं. मला वाटलं घरी आई तरी डोकं ताळ्यावर ठेवेल. पण आईच्या दृष्टीनं त्यात वावगं काहीच नव्हतं. उन्हाळ्यात सगळ्या गोष्टी गच्चीवर टाकतात. मुगवड्या टाकतात, कुरडया टाकतात, मिरच्या टाकतात. मडगार्ड टाकले तर काय बिघडलं?

दोन्ही मडगार्ड खोलून मी वर नेले. तेव्हापासून आमच्या गच्चीवर जुन्या साडीवर मुगवड्या, आणि साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर मडगार्ड. बाबांना जिना चढवत नव्हता, ते खालून अंगणातून ओरडायचे.

"पलटवले का?"

"पलटवले!" आई वरून.

"डावा जास्त उन्हात नको ठेवू! डावी बाजू कमी उतरली हाय!"

"वड्या का मडगार्ड?"

"मडगार्ड वं!"

गल्लीतल्या बायका आधी कुतूहलानं विचारायच्या, मग सवयीनं विचारायला लागल्या. "काकू, झाले का?" "नाही बाई, अजून दोन उन्हं पायजेत." शाळेत मी गणित शिकवते. वर्गात पोरांना तर्कानं विचार करा म्हणून सांगायची आणि घरी येऊन मडगार्ड वाळले का हे पाहायची.

उन्हाचा तो महिना संपता संपता बाबांनी मडगार्ड खाली मागवले. मी आणून पुढ्यात ठेवले. ते आरशासारखे चमकत होते. बाबांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

"हे तं नव्यापेक्षा नवे झाले!"

आई पदराला हात पुसत आली आणि कौतुकानं म्हणाली, "होतीनच. रोज तेल लावलं मी. एवढ्या उन्हात तडकले असते तं?"

मी पायरीवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. बाबा दिवसभर आईवर फणफणत होते. आई मला सांगत होती, "पोटच्या लेकरासारखं सांभाळलं मी त्यायले, अन् वरून मलेच बोलून राहिले!" संमेलन तोंडावर आलं होतं. रात्री बाबा जेवले नाहीत, नुसते ताटाकडे पाहत बसले, आणि माझं हसणं जिरलं.

सकाळी मी एकटीच मडगार्ड घेऊन पेंटरकडे गेले आणि त्याला झाडलं. काय बोलले ते लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "ठीक हाय. आता मी माह्या मनानं करतो. कोणी मिरची आणू नका."

त्यानं डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा रंग कालवला. उजव्यात जरा पांढरा, जरा मातकट, डाव्यात थोडासाच. मारून झाल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून चमक घासून काढली. शेवटी दुकानासमोरच्या रस्त्यावरची धूळ चिमटीत घेतली, फडक्यानं वरून चोळली आणि फुंकर मारली. मडगार्ड गाडीवर चढवून तो मागे सरकला. खरं सांगते, जुळला. डावीकडून डाव्यासारखा, उजवीकडून उजव्यासारखा.

बाबांना विश्वास बसेना. त्यांनी गाडी मला उन्हात लावायला लावली, मग सावलीत, मग पुन्हा उन्हात. तेवढ्यात भाजीवाली आली. बाबांनी तिला थांबवलं.

"बाई, या गाडीत काही वेगळं दिसते का?"

तिनं टोपली खाली ठेवली, नीट पाहिलं. "दोन चाकं जास्त लावले ना काकाजी."

"थे सोडा वं. रंगात?"

"रंगात काही नाही."

"पायलं?" बाबा माझ्याकडे वळले. "कंपनीचंच वाटते." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मीही मान डोलावली.

संमेलनाच्या दिवशी सकाळी बाबांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, हेल्मेट चढवलं, काठी घरातच ठेवली. गाडी फाटकाबाहेर काढली. उजव्या पायावर उभं राहून, डावा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला आणि ते बसले. गाडी जागची हलली नाही. चार चाकांवर ठाम. मी स्कूटी घेऊन मागून जाणार होते, रस्त्यात काही झालं तर असावं म्हणून.

आई ठेवणीतली साडी नेसून, पर्स घेऊन आली. नेहमीसारखी गाडीच्या डाव्या बाजूला गेली, एका अंगानं बसायला. आणि तिथंच थांबली.

जिथं तिचे पाय यायचे तिथं मडगार्ड होता. साडीगार्ड, पाय टेकवायची पट्टी, सगळं वेल्डिंगवाल्यानं चाक बसवताना कापून काढलेलं. एका बाजूला बसायला जागाच नव्हती. आणि हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. वेल्डिंगवाल्याच्या नाही, पेंटरच्या नाही, बाबांच्या नाही. माझ्याही नाही, बाई असून! आईच्यासुद्धा नाही, जिनं त्याच मडगार्डला रोज तेल चोळलं. मी कपाळावर हात मारला.

बाबांनी मागे वळून पाहिलं. मग हळूच हेल्मेट काढलं.

"राहू दे," ते म्हणाले. "नाही जात."

"काहून नाही जात? आई माह्या स्कूटीवर येते, तुमी पुढं व्हा!"

"मले एकट्यानंच जाचं असतं, तं एवढा रंग कोणासाठी केला वं मी?"

ते ओरडले असते तर मी दोन उत्तरं दिली असती. ते ओरडले नाहीत.

आई घरात गेली. मला वाटलं, साडी बदलायला, म्हणजे संपलं सगळं. ती बाहेर आली तेव्हा साडी तीच होती, पण निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या आणि खाली माझी काळी लेगिन.

"माय वं!" माझ्या तोंडून निघालं. "हे काय?"

"काय म्हणजे? साऱ्या पोरी बसतात अशा." तिनं पर्स माझ्याकडे दिली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सत्तरीला टेकलेली माझी आई पाय पलीकडे टाकून बसली, दोन्हीकडे एकेक पाय, मडगार्डच्या पुढे. "सरका पुढं."

समोरच्या गच्चीवरच्या काकूंच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांनी बॉल टाकायचा थांबवला. बाबांची मान ताठ, नजर समोर. एवढ्या महिन्यांची भीती त्यांनी दबक्या आवाजात विचारली.

"पाहून राहिले का वं लोकं?"

"हाव," आई म्हणाली. "मले पाहून राहिले. तुमी गाडी चालवा."

बाबांनी गिअर टाकला. खापरखेड्यापर्यंत मी त्यांच्या मागे होते, प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत धरून. ट्रकवाले हॉर्न मारत गेले, आई त्यांना हात दाखवत राहिली.

हॉलच्या फाटकाशी बाबांची सगळी मंडळी उभी होती. बाबांनी गाडी थांबवली आणि पाय न टेकवता थांबवली. उजवीकडून उतरले, सीट धरून उभे राहिले. आई उतरेना. एवढा वेळ तशी बसायची सवय कुठे होती तिला! पायाला मुंग्या येऊन तो लाकूड झाला होता.

"अहो," ती आधी हसली, मग घाबरली. "पाय हलत नाही माहा. पडते मी."

मी स्कूटी टाकून धावले. "थांब तू," बाबा म्हणाले. गाडीला धरत धरत ते डावीकडे आले, तिचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला धरलं आणि तिला उतरवलं. तिचं सगळं वजन त्यांच्या डाव्या पायावर आलेलं मी पाहिलं. बाबांचे ओठ पांढरे पडले, पण ते हलले नाहीत.

"वहिनीले काय झालं?" मंडळी धावत आली.

"काही नाही, मुंग्या आल्या," बाबा म्हणाले. "खुर्ची आणा गा हिले."

खुर्ची आली. आई बसली. बाबा तिच्या बाजूला उभे राहिले, कार्यक्रमभर, कोणी कितीही बसा म्हटलं तरी. मडगार्डकडे कोणी पाहिलं नाही. शाल कोण्या दुसऱ्याला मिळाली आणि बाबांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर बाबांचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजलेला. मी बर्फ आणून दिला.